पेत्रोनाच्या कढईतलं तेल

माझी आई पेत्रोना सिगारेट ओढत नव्हती. हे आधीच सांगते, कारण शहरातल्या डॉक्टरने तिच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून पहिला प्रश्न तोच विचारला. "दिवसाला किती ओढता, आजी?"

"देव ओढतो तेवढ्या," आई म्हणाली.

डॉक्टर हसला नाही. फोटोत दोन्ही फुप्फुसांवर जाळं धरलं होतं, थेट आमच्या चुलीमागच्या पत्र्यावर धरतं तसं. तो म्हणाला, एकच तेल पुन्हा पुन्हा जाळलं की त्याचा धूर छातीत बसतो. खाणाऱ्याच्या रक्तवाहिन्यांत बसतं ते वेगळंच. "तेल बदलत जा."

परतीच्या बसमध्ये आई मला म्हणाली, "चाळीस वर्षं तळतेय, एदेल्सा. एक तरी मेलेला तक्रार घेऊन आला का?"

पाच महिन्यांनी ती गेली. शेवटी शेवटी तिचा खोकला घरातल्या घड्याळासारखा झाला होता. दोन आखूड ठसके, मग एक लांब ओढलेली शीळ. खूक, खूक, आणि शीळ.

आमचं गाव कार्ताखेना शहराच्या हमरस्त्यावर, तळ्याकाठी. बसगाड्या थांबतात त्या अंड्याच्या आरेप्यासाठी. मक्याची जाड पुरी तेलात फुगवायची, पोटाला चीर देऊन आत कच्चं अंडं सोडायचं, पिठाने तोंड लिंपायचं आणि परत तेलात. रस्त्याकडेला अकरा कढया, अकरा बायका. नव्या तेलात आरेपा पांढराफटक राहतो, म्हणून नवी बाई कढई मांडते तेव्हा जुनीकडून पळीभर काळं तेल मागून आणते, विरजण आणावं तसं. पुढे कढई कधीच रिकामी होत नाही. कमी झालं की वरून भर. आईच्या कढईत तिच्या आजीचं तेल होतं, आणि बाकी दहांत आईचं.

कढईवाली मेली की नवव्या दिवशी, शेवटची प्रार्थना झाल्यावर, बायका तिचं तेल आपापल्या भोपळ्याच्या वाटीत पळी-पळी वाटून नेतात. मान म्हणून. उरलेलं वारसाला. आईची वारस माझी धाकटी बहीण नूरिस. वय एकतीस, लहानपणापासून दम्याची. मी शाळेची लादी पुसते. तिथली पुस्तकं वाचून जे शिकले तेवढंच माझं शिक्षण, पण नूरिसची छाती त्या कढईवर टिकणार नाही हे कळायला पुस्तक लागत नाही.

तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये आईसाठी प्रार्थना होती. दहाही बायका एका बाकड्यावर. पाद्री थांबला तेव्हा शेजारच्या कढईवालीला, दिग्नाला, खोकला आला. खूक, खूक, शीळ. आईची शवपेटी ठेवली होती त्या रिकाम्या जागेकडे मी बघितलं. मग पलीकडची खोकली. तोच ठेका. मग तिच्या पलीकडची. बाकड्याच्या टोकापर्यंत आई खोकत गेली.

"धूळ आहे," दिग्ना माझ्या कानाशी म्हणाली. "बघतेस काय अशी?"

सातव्या दिवशी दुपारी अंगणात मी मक्याचं पीठ चाळत होते. आईची कढई कोपऱ्यात फळीखाली झाकलेली. आठवडाभर चूल पेटली नव्हती. फळीखालून आवाज आला. खूक. खूक. मी फळी उचलली. थंड, काकवीसारख्या तेलावर एक बुडबुडा फुगला, हळूच फुटला आणि शीळ घातल्यासारखी हवा सुटली.

तळाला पाणी साचलं असेल. असेलच. मी हात लावला नाही.

नवव्या दिवशी सकाळी नूरिस चर्चला गेल्यावर मी मागच्या आवारात खड्डा खणला आणि सगळं तेल ओतलं. कढई राखेने घासली, पांढरी होईपर्यंत. खड्ड्याकडे मुंगी फिरकली नाही. कुत्र्याने लांबून हुंगलं आणि शेपूट पायांत घालून निघून गेलं. तुम्ही हे खाता. बस थांबवून, रांग लावून खाता.

चार वाजता बायका भोपळ्याच्या वाट्या घेऊन आल्या. घासलेली कढई बघितली. मग दिग्ना म्हणाली, "आईला दोनदा पुरलंस गं."

"तिला एकदा तुमच्या या तेलाने मारलं," मी म्हटलं. "आता नूरिसला मारायचंय?"

"शाळा पुसून मास्तरीण झाली ही," कुणीतरी म्हणालं. वाट्या रिकाम्याच परत गेल्या. नूरिस माझ्याशी तीन दिवस बोलली नाही.

चौथ्या दिवशी तिने कढईत नवं तेल ओतून चूल पेटवली. मी शेजारी उभी. तेल शहाण्या मुलासारखं गप्प. आरेपे आजारी माणसाच्या गालासारखे निघाले. रोजच्या बसच्या ड्रायव्हरने एक चावा घेतला. "पेत्रोनाबाईंबरोबर चव पण गेली म्हणायची," म्हणाला आणि दिग्नाच्या कढईकडे वळला. त्याच्या मागे आख्खी बस.

तेव्हा दिग्ना आली. हातात पळी, पळीत काळं तेल.

"तुझ्या आईचंच आहे," ती नूरिसला म्हणाली. "परत घे."

मला तेव्हा कुठे उमगलं मी काय केलं होतं ते. अकरातली एक कढई ओतली होती. बाकी दहांत आई होतीच.

मी कढईवर हात आडवा धरला. नूरिस म्हणाली, "हात काढ, एदेल्सा. तुझ्या लादी पुसण्यावर दोघींचं पोट भरत नाही." हाताला वाफ लागत होती. तो मीच काढला.

पळी रिकामी झाली. तेल एकदा थरथरलं, गडद झालं, आणि आतून आलं: खूक, खूक, शीळ. निळसर धुराची रेघ सरळ नूरिसच्या तोंडाकडे वळली. वारा उलट्या दिशेने होता. शपथेवर सांगते, उलट्या दिशेने होता.

नूरिसने तोंड उघडलं होतं. मी तिच्या हातातून झारा हिसकावला आणि तिला खांद्याने ढकललं.

"तू अंडी फोड," मी म्हटलं. "तिकडे झाडाखाली बसून. या कढईपाशी पुन्हा दिसलीस तर तंगडं मोडीन."

"तुला तळता कुठे येतं?"

"येईल."

आलं. शाळा सोडली. आता आठ महिने मीच उभी असते. आरेपे सोनेरी होतात, बस थांबते, ड्रायव्हर म्हणतो हात आईचा आहे. नूरिसची छाती स्वच्छ आहे, मी ऐकते रोज, पाठीला कान लावून. ती मात्र आमच्या दोन खोल्यांमधली खिडकी लावून झोपते. विचारलं तर म्हणाली, "आईचा आवाज येतो तुझ्या खोलीतून."

तिला सांगून ठेवलंय. मी गेले की एक कढई ओतून भागायचं नाही. अकराच्या अकरा, एकाच सकाळी. तिने मान हलवली. पण काल संध्याकाळी दिग्नाने तिच्यासाठी भोपळ्याची नवी वाटी कोरून आणली, आणि नूरिसने ती धुऊन खुंटीला अडकवली.