नदीपलीकडचं आजोळ

मी एक जुनी बेकरीची गाडी आहे. क्लीव्हलँड शहराला लागून पार्मा नावाचं उपनगर आहे. तिथल्या गुझिकांच्या बेकरीमागे मी उभी असते. माझ्या अंगावर एक भलंमोठं पोंचेक रंगवलेलं आहे, म्हणजे जाम भरून तळलेला गोड गोळा. उन्हाने त्याचा रंग उडून आता ते वांग्यासारखं दिसतं. हसू नका, मला ठाऊक आहे.

मित्रांनो, माझा जन्म सरोवराकाठच्या एका कारखान्यात झाला. बेकरीची मालकीण ब्रोन्या मला स्वतः चालवत घरी घेऊन आली. हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ आम्हा गाड्यांना आतून खातं. ब्रोन्या गरम पाण्याची बादली घेऊन माझं पोट धुवायची. "माझ्या राणीला गंज लागला तर याद राखा!" असं दुकानभर ओरडायची. असं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

इथल्या माणसांना एक खोड आहे. शहराच्या मधून नदी वाहते, तिच्यावर पूल हवे तेवढे आहेत, पण आमच्यासारखा पश्चिमेचा माणूस पूर्वेला जाईल तर शपथ! कुणी निघालाच तर बाकीचे विचारतात, "जेवणाचा डबा बांधून देऊ का?" ब्रोन्या माहेरची पूर्वेकडची. नवरा लेऑन तिला चारचौघांत 'पलीकडची' म्हणून चिडवायचा. आधी ती हसायची, मग गप्प व्हायला लागली, आणि पुढे तिने माहेराचं नावच टाकलं. हालिना आणि काझ या तिच्या मुलांनी आजोळ कधी पाहिलंच नाही.

मी मात्र पाहिलं होतं. दर नोव्हेंबरात, मेलेल्यांची आठवण करण्याच्या दिवशी, "ऑर्डर पोचवून येते" असं सांगून ब्रोन्या मला पुलावरून पलीकडे न्यायची. फ्लीट अव्हेन्यूमागच्या गल्लीत एका पिवळ्या घरासमोर थांबायची. खाली उतरायची नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायची, नाक पुसायची आणि मला परत फिरवायची. हे तिच्या-माझ्यातच राहिलं.

लेऑन गेला. नवी पांढरी गाडी आली आणि मी मागच्या अंगणात पडले. ब्रोन्याला विसर पडू लागला. साखर की मीठ ते कळेना, मग हालिनाचं नाव आठवेना. मुलांनी किल्ल्या काढून घेतल्या. ती माझ्या दाराशी येऊन हँडल हलवायची आणि तशीच परत फिरायची. माझा जीव तुटायचा हो!

ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या उपवासाआधीचा मंगळवार म्हणजे आमच्याकडे पोंचेक खाण्याचा दिवस. बेकरीबाहेर पहाटेपासून रांग लागते, सगळं पार्मा डबे घेऊन उभं राहतं. त्या मंगळवारी सगळे गिऱ्हाइकांत बुडालेले असताना ब्रोन्या मागच्या दाराने बाहेर पडली. अंगात झगा, पायांत घरातल्या सपाता. बाहेर बर्फ पडत होता. ती माझ्यासमोरून बसथांब्याकडे गेली, आणि मी नुसती बघत राहिले.

कळलं तेव्हा दुपार झाली होती. नवी गाडी ऑर्डरी घेऊन गेलेली. पोलिसांना कळवून काझने मला चालू केलं, हालिना शेजारी बसली.

"तू होतीस ना आत? मग लक्ष कुठे होतं?" काझ ओरडला.

"गल्ल्यावर तू होतास! आईला बघायचं म्हणजे फक्त मीच, नाही का?"

"सपाता घालून गेलीय गं ती..." काझ म्हणाला. पुढे दोघंही भांडली नाहीत.

पार्मातली अंगणं आम्ही पालथी घातली. इथे लोक हिरवळीवर प्लास्टिकचे गुलाबी बगळे लावतात. बर्फातून त्यांच्या नुसत्या माना दिसत होत्या, आणि प्रत्येक वळणावर हालिनाला आई पडल्यासारखी वाटायची. मग ओल्ड ब्रुकलिन नावाच्या वस्तीत प्राणिसंग्रहालयापर्यंत जाऊन आलो. मग पश्चिमेचंच लेकवुड. तिथे घरावर घर, ओट्यावर ओटा. हालिना प्रत्येक ओट्याकडे बघत "आई! आई!" ओरडत होती, आणि सरोवरावरचा वारा तिच्या तोंडातला शब्द पळवत होता.

अरे, उलटं चाललात! पलीकडे चला, पलीकडे! मी जीव तोडून सांगत होते. पण माझ्याजवळ होता एक बसलेला भोंगा आणि म्हातारपणाचा खडखडाट. काझ म्हणाला, "हा खटारा आज गप्प का बसत नाही?"

नदीच्या अलीकडच्या काठावर ट्रेमाँटला आलो आणि मी बंद पडले. मुद्दाम पडले असं तुम्हाला वाटलं तर खुशाल वाटू द्या, पण खरं म्हणजे माझी बॅटरी गेली. काझने माझ्या बोनेटवर बुक्की मारली आणि तिथेच डोकं टेकलं. "संपलं, हालिना. अंधार पडायला आला. ती गोठली असेल."

कोपऱ्यावरच्या सॉसेजच्या दुकानातून एक म्हातारा बॅटरीच्या तारा घेऊन आला. त्याचं नाव लुबोमिर. माझ्याकडे बघून तो थबकला. "अरे, ही तर आमच्या जुन्या गल्लीतल्या ब्रोन्याची गाडी! दर नोव्हेंबरात फ्लीटवर दिसायची. मी आईबापाच्या थडग्यावर जातो ना, तेव्हा."

"आई? आणि पूर्वेला?" काझ म्हणाला. "आमची आई मेली तरी नदी ओलांडणार नाही."

"गाढवा, तुझं आजोळ आहे तिथे!"

हालिनाने तोंडावर हात ठेवला. "देवा! कधी विचारलंच नाही रे आपण."

लुबोमिरने तारा लावून मला चालू केलं, घर कुठलं ते सांगितलं, आणि आम्ही पूल ओलांडला. त्या गल्लीतली निम्मी घरं पाडलेली होती. पण पिवळं घर उभं होतं आणि खिडकीत दिवा होता. दार ओडेसा टॉलिव्हर नावाच्या सावळ्या, धिप्पाड बाईने उघडलं.

"तुमची का ही? अहो, किती उशीर! पोलिसांना कळवलं, पण ही घराच्या जुन्या मालकांचं आडनाव सांगते, वर म्हणते घर माझंच आहे. पायांची बोटं निळी पडली होती बिचारीची. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर खांब धरून बसते. आता तुम्हीच न्या."

काझ धावत आत गेला. ब्रोन्या हलेना. शेवटी ओडेसाच म्हणाली, "चल ब्रोन्या, जरा फेरफटका मारून येऊ," आणि स्वतःचा कोट तिला घालून माझ्यात चढली. ब्रोन्याला काझच्या शेजारी बसवलं. माझ्या दारावरून तिने हात फिरवला. तो हात थंडगार होता.

आम्ही इस्पितळाकडे निघालो. काझचे डोळे वाहत होते. ब्रोन्या त्याच्याकडे बघत राहिली, मग कोटाच्या बाहीने तिने त्याचा गाल पुसला.

"रडू नको रे. किती गुणी मुलगा! कुणाचा रे तू?"

काझ म्हणाला, "ब्रोन्याचा."

"भाग्यवान हो ती," ब्रोन्या म्हणाली. "जा लवकर घरी. वाट बघत असेल ती तुझी."

मित्रांनो, तिची बोटं वाचली. पण मुलांची नावं तिला पुन्हा कधी आठवली नाहीत. माझं म्हणाल तर मला भंगारात घालायचं ठरलं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकच हात जोडून मागते. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस लहानपणी कुठल्या गल्लीत खेळलं, ते आज संध्याकाळीच त्याला विचारा. काझ आता रोज आईजवळ बसून विचारतो, "आई, त्या पिवळ्या घरात कोण कोण होतं गं?" ती त्याच्याकडे बघून गोड हसते आणि विचारते, "कुठलं घर?"