चाखणं म्हणजे खाणं नव्हे

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. मित्रांनो, माणसाचा दंड आवळायचा, सोडायचा आणि आकडा दाखवायचा, एवढंच मला येतं. कारखान्यात मी पहिल्यांदा एक रबरी दंड आवळला. त्याचा रक्तदाब उत्तम होता.

पुढे मी जपानमधल्या कोचीच्या डोंगरउतारावर तोराकिची आजोबांच्या घरी आलो. त्यांची बुंतानची बाग आहे. बुंतान म्हणजे तुमच्या पपनसाचं भावंड. आजोबांची छाती दुखायची म्हणून डॉक्टरांनी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी दिली आणि बजावलं, "ग्रेपफ्रूट खायचं नाही."

"असली परदेशी फळं मी दारात उभी करत नाही," आजोबा म्हणाले. दोघांचंही समाधान झालं.

आमच्याकडे बुंतान थंडीत तोडतात आणि बागेतच ढीग रचून पेंढ्याखाली झाकून ठेवतात. आंबटपणा उतरला की ढीग उघडायचा. तो उतरला का, हे चाखून ठरतं, आणि चाखतो मालक. आजोबा रोज सकाळी गोळी घेत आणि प्रत्येक ढिगातलं एकेक फळ सोलून चाखत.

त्या हिवाळ्यात माझे आकडे घसरू लागले. आजोबांनी मला शेजारी नेऊन मिरवलं. "बघा, तरुणाचा आकडा."

"तरुण म्हणे," त्यांची बायको, मासुए आजी म्हणाली. "जिना कसा चढता ते भिंतीला विचारा."

आकडा आणखी उतरला तेव्हा मी बिघडलोय अशी शंका आली. आजोबांनी खात्रीसाठी पट्टा मांजरीला बांधला. आकडा आला नाही, ओरखडे आले. मग माझी रवानगी मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर झाली, झाकणावरचं वजन म्हणून. मी हलका पडलो. मुळे मुरले नाहीत, तोही ठपका माझ्यावरच.

एके सकाळी आजोबा ढिगापाशी उठून उभे राहिले आणि तसेच पेंढ्यात कोसळले. फोड हातातच होती. आजीने मला पिंपावरून ओढून त्यांच्या दंडाला बांधलं. आकडा पाहून तिने रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यातल्या मोठ्या यंत्रानेही तोच आकडा दाखवला. मला आनंद झाला नाही. तशी सोय माझ्यात नाही.

दवाखान्यात औषधं देणाऱ्या नोगामी बाई आजोबांच्या खाटेपाशी आल्या. "ग्रेपफ्रूट खाल्लंत?"

"शिवलोसुद्धा नाही."

"बुंतान?"

"विकायचा माल मी खात नाही."

"अहो, हनुवटीवर रस सुकलाय," आजी म्हणाली.

"ते चाखणं. चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

"रोज किती फळं चाखता?"

"ढीग असतील तेवढी."

बाईंनी शांतपणे सांगितलं, "आतड्यात औषध मोडणारे कामगार असतात. ग्रेपफ्रूटमधलं द्रव्य त्यांना रजेवर पाठवतं. मग एक गोळी दोन-तीन गोळ्यांइतकी अंगात उतरते. बुंतानातही तेच द्रव्य आहे. फळ परदेशी की घरचं, हे आतड्याला कळत नाही. पुन्हा चाखलंत तर पुढच्या वेळी उठणार नाही."

आता ढीग आजी चाखते. आंबट तिला जन्मात सोसलेलं नाही. आजोबा मला दंडाला बांधून समोर बसतात. फळ सोलतात, हुंगतात, फोड तिच्या हातावर ठेवतात आणि तिचं तोंड बघतात.

"दोन्ही डोळे मिटलेस. राहू दे अजून."

"मग बघू नका की."

काल तिने फोड खाल्ली आणि एकही डोळा मिटला नाही. आजोबांनी पेंढा बाजूला सारला.

मित्रांनो, गोळी घेणारं माणूस घरात असेल, तर ते काय खातं हे औषध देणाऱ्याला सांगा. चाखत असेल तर तेही सांगा. आणि आकडा पटला नाही म्हणून आम्हाला पिंपावर ठेवू नका. आम्हाला खोटं बोलता येत नाही, आणि मुळेही दाबता येत नाहीत.