बटणांखालचं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी, पण आयुष्य गेलं बटणांत. माझं झाकण एका बाजूला चेपलंय, त्यामुळे उघडताना मी करकरतो. या खोडीपायी खूप बोलणी खाल्ली.

आमच्या घरात दोन जावा शिवणकाम करायच्या. धाकटीचं पहिलं बाळंतपण जिवावर बेतलं होतं. दुसरं नकोच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सासूबाई मात्र दिवस न राहण्याच्या गोळ्यांचं नाव काढलं तरी घर डोक्यावर घेत. म्हणून थोरलीने आपलं गोळ्यांचं पाकीट माझ्या पोटात, बटणांखाली लपवलं.

धाकटीला दवाखान्यात जायची लाज वाटे. थोरली म्हणाली, "माझ्यातल्याच घे की! एक दिवस तू, एक दिवस मी."

त्या घरात कात्री एक, इस्त्री एक, दोघींत चष्मासुद्धा एकच. गोळीही तशीच वाटून घेता येते, असं त्या भाबड्यांना वाटलं. मला काय कळणार? मी बापडा गुपित सांभाळत बसलो.

आणि धाकटीची पाळी चुकली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. लावलेलं बटण ती उसवायची, पुन्हा लावायची.

"ताई, या खेपेला मी वाचेन ना गं?"

 तेवढ्यात सासूबाई बटण शोधायला आल्या. मी करकरलो. दोघींचे हात जागीच थांबले. सासूबाईंची बोटं तळाशी गेली आणि पाकीट घेऊन वर आली.

"हे कुणाचं?"

"माझं," थोरली म्हणाली.

"अर्धं माझं," धाकटी रडत म्हणाली. "तरी दिवस गेलेत बहुतेक."

सासूबाईंनी पाकीट पुन्हा माझ्यात टाकलं. मागच्या बाळंतपणात धाकटीचा गार पडत चाललेला हात त्यांनीच धरला होता. त्यांनी झाकण लावलं, मला काखेत मारलं आणि म्हणाल्या, "चला दवाखान्यात."

भीती खरी ठरली. "या गोळ्या एकीनेच रोज घ्यायच्या असतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी धाकटीला विचारलं, "तुला काय हवंय?"

सासूबाईंनी धाकटीचा हात हातात घेतला.

"मला जगायचंय," धाकटी म्हणाली. तिचं ऐकलं गेलं; दवाखान्यातच वेळेवर गर्भपात झाला. ती वाचली.

आता दोघींची दोन पाकिटं आरशापाशी उघडी असतात. मित्रांनो, मला खुशाल चेपा, गंजू द्या. पण घरातल्या कुणावर औषध लपवायची वेळ आणू नका. माझं पोट बटणांसाठीच राहू द्या.