उजवी सीट रिकामी होते तेव्हा

मी एका छोट्या विमानातली उजवीकडची सीट बोलतेय. विमान म्हटलं की तुम्हाला रांगेने शंभर खुर्च्या आठवत असतील. आमच्यात दोनच आहेत. डावीकडे शिकणारा बसतो आणि उजवीकडे, म्हणजे माझ्यावर, शिकवणारा.

कारखान्यात माझा सांगाडा वाकवला, त्यावर स्पंज चिकटवला आणि निळं रेक्झिन ताणून शिवलं. तेव्हापासून मी या विमान शिकवणाऱ्या शाळेतच आहे. सरांच्या मागच्या खिशातल्या किल्ल्यांनी माझा एक कोपरा फाटलाय. त्यावर चिकटपट्टी आहे, तीही आता सुटत आलीये.

सर प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, "कशासाठी शिकताय?" पोरं छातीठोक सांगतात, "मोठ्या विमानावर जायचंय, सर!" सर खूश होतात.

मग एक दिवस एक बाई आल्या. वय एक्कावन्न. सव्वीस वर्षं बस चालवत होत्या.

"कशासाठी?" सरांनी विचारलं.

"हौस म्हणून."

"ते कळलं हो, ताई. पण पुढे?"

"पुढे काही नाही."

सर माझ्यावर चुळबुळले. पुटपुटले, "हौशी माणसं तीन महिन्यांत पळतात."

बाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "आम्ही बसवाले नाही पळत, सर. वेळेआधी स्टॉप सोडला तर साहेब ओरडतात."

मला त्या तिथेच आवडल्या.

पहिल्या दिवशी गंमत झाली. विमान जमिनीवर असताना पायांनी वळवायचं असतं. हातातलं चाक तेव्हा कितीही फिरवा, उपयोग नाही. पण बाईंचे हात बसचे! वळण आलं, त्यांनी झोकात चाक फिरवलं आणि आम्ही सरळ गवतात.

"ताई! पाय, पाय!"

"हात सव्वीस वर्षं वळतायत, सर. पायांना अजून निरोप पोचला नाही!"

सर इतके हसले की मी कुरकुरले.

दर शनिवारी बाईंचे यजमान त्यांना स्कूटरवरून सोडायचे आणि कुंपणापलीकडच्या बाकावर बसून राहायचे. एकदा ते विमानापर्यंत आले तेव्हा मी दोघांचं बोलणं ऐकलं.

"अगं, या वयात तुला विमानावर नोकरी कोण देणार?"

"कुणी देऊ नये. मला माझी बस आहे."

"मग हा उपद्व्याप कशाला?"

बाई विमानाची काच पुसू लागल्या. यजमान जरा नरमले. "बरं, एकदा एकटीने उडून ये. मग पुरे. मग शनिवार माझे. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या, पण आवाज लहान होता.

तेव्हापासून मला विचित्र काळजी लागली. बाई जितक्या चांगल्या शिकतील, तितकं त्यांचं उडणं लवकर संपणार!

आणि तो शनिवार आला. सरांनी विमान कडेला थांबवायला सांगितलं, दार उघडलं आणि खाली उतरले. "एक फेरी मारून या, ताई." माझे पट्टे मोकळे लोंबू नयेत म्हणून त्यांनी ते माझ्यावरच आवळून बांधले. पहिल्यांदाच मी कुणी नसताना बांधली गेले.

आम्ही धावलो. सरांचं वजन नव्हतं, त्यामुळे विमान टुणकन वर गेलं. "अगं बाई!" बाई ओरडल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुढे सरका हो, पुढे सगळी जागाच आहे!" आणि एकट्याच खदखदून हसल्या. खाली त्यांचा रोजचा बसचा रस्ता बुटाच्या नाडीएवढा दिसत होता. मी थरथरत होते. इंजिनामुळे नव्हे, खरं सांगते.

उतरताना मात्र आम्ही फार उंच राहिलो. एरवी अशा वेळी सरांचा हात पुढे यायचा. आज तो हात नव्हता. धावपट्टी भराभर संपत होती.

"नाही. असं नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवला आणि आम्ही पुन्हा वर गेलो. कुंपणापाशी यजमान बाकावरून ताडकन उठलेले दिसले.

दुसऱ्या वेळी चाकं हलकेच टेकली.

सर धावत आले. "पहिल्यांदा का नाही उतरलात?"

"स्टॉप चुकला होता, सर. पुढून वळून आले."

"चुकलं की पुन्हा वर जायचं, हे पोरांच्या गळी उतरवायला माझे महिने जातात!" सर म्हणाले.

मागून यजमान आले, धापा टाकत. "परत वर गेलीस तेव्हा वाटलं, हिला आता खाली यायचंच नाही."

"खरं सांगू? नव्हतंच यायचं." बाईंनी कानावरचे हेडफोन काढून ठेवले. "पण शब्द दिलाय. शनिवार तुमचे."

यजमानांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग आत वाकले आणि मला हाताने दाबून पाहिलं.

"सर, इथे घरच्या माणसाला कधी बसता येतं?"

"ताईंची परीक्षा झाली, लायसन्स आलं की."

"म्हणजे अजून शिकावं लागेल हिला."

"लागेल की. बरेच शनिवार."

त्यांनी मला पुन्हा दाबलं. "फार कडक आहे ही. मला घरून उशी आणावी लागेल."

बाईंनी हेडफोन उचलून पुन्हा कानावर चढवले.

आता मी जुनी झालेय. रेक्झिन बदलायचं म्हणतात, बदलतील तेव्हा बदलतील. हौसेचा उपयोग काय, ते मला सांगता येणार नाही. पण तुमच्या घरात कुणी असं काही शिकत असेल, तर पुढे काय म्हणून विचारण्याआधी एकदा शेजारी येऊन बसा.

आणि अहो यजमान, उशी जाडजूडच आणा. मी वाट बघतेय.