टर्बोच्या हवेवर माझा पहारा

मित्रांनो, मी हाताच्या पंजात मावेल एवढा एक जुना डबा आहे. मला बूस्ट कंट्रोलर म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम सरळ आहे. काही गाड्यांना टर्बो असतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. ती किती कोंबायची यावर माझा पहारा असतो. कमी पडली तर गाडी रेंगाळते, फार झाली तर इंजिनाचा खुर्दा होतो.

दोन हजार सहा साली नीरज सामंत यांनी मला परदेशातून मागवलं. ते सिल्व्हर पार्क वसाहतीत राहायचे आणि आपल्या टर्बो गाडीला जिवापाड जपायचे. मला बसवायचं काम त्यांनी इंद्रलोक वसाहतीजवळच्या गॅरेजवाल्या बबनभाऊंना दिलं. बबनभाऊ रत्नागिरीकडचे, कामात तरबेज. 'टर्बोची कामे केली जातील' अशी पाटी त्यांनी नुकतीच लावली होती आणि नीरज हे त्या पाटीचं पहिलंच गिऱ्हाईक.

त्यांनी मला स्टिअरिंगशेजारी बसवलं, वायरी ओढल्या, बॉनेटखाली माझा व्हॉल्व्ह लावला. इंजिनातला दाब मला कळावा म्हणून एक नळी तिथून माझ्यापर्यंत यायला हवी होती. माझ्यासोबत आलेली नळी वीतभर कमी पडली. बबनभाऊ उठले आणि शेजारच्या दुकानातून माशांच्या टाकीत हवा सोडायची नळी घेऊन आले.

"हवाच तर जायचीये. चालतंय," ते स्वतःशीच म्हणाले.

मला तेव्हाच धसका बसला. पण मला विचारतो कोण!

रविवारी सकाळी दोघं मला सेट करायला उत्तनच्या बाजूला निघाले. मोकळ्या रस्त्यावर आधी दाब कमी ठेवायचा, मग थोडा थोडा वाढवायचा आणि दर वेळी माझ्या पडद्यावरचा आकडा बघायचा, अशी पद्धत असते. तीन फेऱ्या झकास झाल्या.

"बबनभाऊ, एक नंबर पळतेय!" नीरज खुशीत म्हणाले.

चौथ्या फेरीत मात्र इंजिनाच्या उष्णतेने ती नळी मऊ पडली आणि वळणावर चेपली. मला दाब कमी वाटला, म्हणून मी आणखी हवा कोंबू दिली. इंजिन खडखडायला लागलं.

"साहेब, पाय काढा! काढा पाय!" बबनभाऊ ओरडले.

नीरजनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. इंजिन थोडक्यात वाचलं. बबनभाऊंनी बॉनेट उघडलं, चेपलेली नळी पाहिली आणि गुपचूप उपटून खिशात घातली.

गाडी सावकाश चालवत गॅरेजमध्ये परतल्यावर नीरजनी सगळा राग माझ्यावर काढला. "हा डबाच भिकार आहे. काढून भंगारात टाका. मी आजच नेटवर लिहितोय, कोणी घेऊ नका म्हणून."

बबनभाऊंनी माझे स्क्रू काढले. मित्रांनो, एवढा संताप मला कधीच आला नव्हता. खरं बोलले तर पहिलंच गिऱ्हाईक जाणार आणि गावभर बोभाटा होणार, हे मलाही कळत होतं. तरीही माझ्या नावाला बट्टा का?

त्यांनी मला बाकावर ठेवलं. मग त्यांनी खिशातून नळी काढली.

"साहेब, लिहू नका. डब्याचा काय दोष नाय. ही माशांच्या टाकीची नळी मी लावली. तुम्हाला विचारलं पण नाय."

नीरजचा चेहरा लालबुंद झाला. "इंजिन गेलं असतं, बबनभाऊ!"

"हो, साहेब."

नीरज गाडीभोवती एक फेरी मारून आले. "योग्य नळी कुठे मिळते?"

"ग्रँट रोडला, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात."

"मग आणा आणि या डब्यासकट तुम्हीच बसवा. स्वतःची चूक सांगणाऱ्याच्याच हातात मी गाडी देणार."

त्यानंतर मी त्या गाडीत कित्येक वर्षं बिनतक्रार राबलो. मित्रांनो, यंत्रांना योग्य तेच सामान लावा. आणि काही बिघडलं, तर आमच्यावर खापर फोडण्याआधी आपण काय केलं ते आठवून बघा. आमची बाजू मांडायला आम्हाला तोंड नसतं.