नुसता मध

बेसा या शहराबाहेरच्या वस्तीतल्या एका लेआउटमधल्या बगिच्यात रोज सकाळी सात वाजता तीस म्हातारी माणसं जमत. चालायला जमतो, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात चार-पाच जण चालत आणि बाकीचे बाकांवर बसून त्यांच्या चालण्यातल्या चुका काढत. प्रणाली नंदनवारला अशीच तीस माणसं एका जागी हवी होती. ती मधावर पीएच.डी. करत होती.

तिच्या विषयाचं नाव दीड ओळीचं होतं. लोकांना ती ते सोपं करून सांगायची. लोखंडाला गंज चढतो तसा माणसालाही आतून चढतो. झाडपाल्यात तो गंज रोखणारी द्रव्यं असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. ती फुलांतून मधात उतरतात, आणि मधातून माणसाच्या रक्तात किती उतरतात ते तिला मोजायचं होतं. पंधरा जणांनी बारा आठवडे रोज सकाळी दोन चमचे मध चाटायचा, उरलेल्या पंधरा जणांनी मधासारखाच दिसणारा साखरेचा पाक. बाटल्यांवर नुसते आकडे होते. कोणाच्या नशिबी काय आलं हे प्रणालीलाही ठाऊक नव्हतं. सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासायचं आणि बारा आठवड्यांनी पुन्हा एकदा.

शहरातल्या सदर भागातून छापून आणलेलं संमतिपत्र चार पानांचं होतं. ‘दिलेल्या पदार्थाव्यतिरिक्त अन्य कोणतेही पूरक द्रव्य सेवन करू नये,’ असं दुसऱ्या पानावर होतं. ‘काही सहभागींना मधाऐवजी तत्सम गोड द्रव मिळू शकेल,’ असं तिसऱ्यावर. एकोणतीस जणांनी पानं न उलटता सह्या केल्या. तिसावे चंपतराव गोतमारे. कळमेश्वरकडे त्यांचा संत्र्याचा बगिचा होता, तो थोरल्या मुलाच्या हवाली करून ते धाकट्याकडे बेसाला राहायला आले होते. त्यांनी चारही पानं वाचली, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मग सही केली.

दर सोमवारी अकरा वाजता प्रणाली मोपेडवरून येई आणि घरोघरी जाऊन कार्डं तपासे. कार्डावर तारीख, वेळ, सही आणि शेवटी एक रकाना होता: काही फरक जाणवला का? ‘गुडघे हलके झाले,’ कोणी लिहिलं होतं. ‘झोप चांगली लागते.’ एकांनी ‘सुनेचा स्वभाव सुधारला’ असंही लिहिलं होतं. चंपतराव मात्र दर वेळी ठसठशीत अक्षरात ‘नाही’ लिहीत. प्रणाली सगळ्यांना नेमानं विचारायची, “दुसरं काही घेत नाही ना?” सगळे नेमानं सांगायचे, “काही नाही.”

बारा आठवडे संपले, रक्ताचे अहवाल आले, आणि प्रणालीचे मार्गदर्शक भोयर सर खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. ते असे फक्त फार आनंद किंवा फार संताप झाला की जात.

“मधवाल्यांचे आकडे वाढले,” ते म्हणाले. “उत्तम. पण पाकवाल्यांचेही तेवढेच वाढले. साखरेच्या पाकात अँटिऑक्सिडंट आले कुठून?”

प्रणालीनं नमुने पुन्हा तपासले, यंत्र साफ करून तिसऱ्यांदा तपासले. आकडे जागचे हलले नाहीत. तिसांत एकाच माणसाचं रक्त होतं तिथंच होतं: क्रमांक सतरा, चंपतराव गोतमारे. बाटल्यांची यादी उघडली तर त्यांच्या वाट्याला पाक आला होता. जूनमध्ये प्रबंध द्यायचा होता, एक मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती, आणि प्रबंधाआधी एक शोधनिबंध छापून यायलाच हवा होता. तीन वर्षांच्या कामातून तिला आता एवढंच सिद्ध करता येत होतं की बेसात काहीही चाटलं तरी चालतं.

पुढच्या सोमवारी ती न सांगता सकाळी सातलाच बगिच्यात पोहोचली. तिथं रुखमाबाई पराते कापडी पिशवीतून काहीतरी वाटत होत्या. रुखमाबाई मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरच्या. माग कधीच गेला होता, मुलगा बँकेत होता, पण बोटांना धागा लागला की ती अजूनही आपणहून चालत. प्रत्येकाच्या हातावर त्या कागदाची एक पुडी ठेवत होत्या, आणि प्रत्येक पुडीला लाल सुताची बारीक, घट्ट गाठ होती.

“काकू, हे काय आहे?”

“पुडी.”

“कशाची?”

“औषधाची. आठवडाभर मधात कालवून घ्याची. तुझा मध सरला, आता घरचा.”

प्रणाली बाकावर बसली. उभं राहून ऐकण्यासारखं ते नव्हतं.

“काकू, मी नुसता मध चाटाले सांगितला होता.”

रुखमाबाईंनी तिच्याकडे जरा कळवळ्यानं पाहिलं. “नुसता मध कोणी चाटते का वं? मध असते औषध चाटाले. तू मध देल्ला, औषध देल्लंच नाही. आम्ही आठ दिवस वाट पाह्यली. मंग म्हटलं, पोरगी नवीन आहे, भुलली असन. म्हणून मीच कुटून देल्लं.”

“मग मले सांगितलं काहून नाही?”

“तुले वाईट वाटलं असतं.”

चूक प्रणालीला आता स्वच्छ दिसत होती आणि ती रुखमाबाईंची नव्हती. तिच्या स्वतःच्या घरी मधाची बाटली स्वयंपाकघरात नव्हे, औषधांच्या फळीवर असायची. लहानपणी एकदा तिनं नुसता मध मागितला तेव्हा आईनं तिच्या कपाळाला हात लावून विचारलं होतं, काय होऊन राहिलं तुले? एवढं माहीत असून तिनं नुसत्या मधावर दीड ओळीचा विषय घेतला होता.

“काय काय असते पुडीत?”

“आवळकाठी, हळद, सुंठ, हिरडा. अन् हाताले येईन ते.”

गंज रोखायच्या कामात यातली एकेक वस्तू मधाला घरी बसवील अशी होती, हे प्रणालीला पाठ होतं. तरी तिनं वही काढली. “किती किती?”

“चिमूट चिमूट.”

“कोणाची चिमूट?”

“माझी,” रुखमाबाई म्हणाल्या. चिमटीचंही कधी कोणी असं विचारेल हे त्यांना नवीन होतं. मग त्यांनी उत्साहानं विचारलं, “मंग, आला का गुण सगळ्याइले?”

“आला. एक सोडून.”

हे तिनं सांगायला नको होतं. रुखमाबाईंची नजर बगिच्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाखालच्या बाकाकडे गेली. तिथं चंपतराव एकटेच बसले होते. दोन वर्षांपूर्वी बगिच्यातल्या या मंडळींच्या सहलीत रुखमाबाईंनी कोथिंबिरीच्या सांबारवड्या नेल्या होत्या, आणि यात सांबार कमी, बेसन जास्त आहे, असं चंपतराव सगळ्यांदेखत बोलले होते. ते खरं होतं. त्या वर्षी कोथिंबीर महाग होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं आणि पुडीही अर्थातच त्या बाकापर्यंत जात नव्हती.

“पण मध तर तू त्याले देल्ला होता ना?” रुखमाबाईंनी हळूच विचारलं.

प्रणालीनं मग अर्ध्या बाटल्यांत पाक होता ते सांगितलं, अभ्यासाची पद्धतच तशी असते हेही सांगितलं. रुखमाबाईंनी पद्धतीचं ऐकून घेतलं नाही.

“म्हणजे अर्ध्या लोकाइले तू खोटं देत होती?” त्या म्हणाल्या. मग पिशवीचा बंद पिळत पुन्हा म्हणाल्या, “अन् त्याले तर तुझ्याकडूनही खोटंच भेटलं, अन् मी बी काही देल्लं नाही.”

भोयर सरांनी ही सगळी हकिकत उभ्यानंच ऐकली. मग ते खुर्चीत बसले. “म्हणजे हा एक माणूस शुद्ध आहे,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. “बारा आठवडे पाक, काही फरक नाही. आता याच माणसाला चार आठवडे खरा मध द्या आणि मोजा. एकाच माणसाचा का होईना, छोटा निबंध होतो. नवीन संमतिपत्र घ्या. आणि त्या बाईंपासून त्यांना लांब ठेवा.” प्रणालीला तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाच्या भांडणाचा आधार वाटला.

सोमवारी ती खऱ्या मधाची बाटली आणि नवं संमतिपत्र घेऊन सातला पोहोचली, तर रुखमाबाई वाटप उरकून फाटकाशीच उभ्या होत्या. त्यांनी तिच्या हातात एक पुडी कोंबली.

“हे त्याले दे. माझं नाव नको घेजो. दवाखान्यातून आली म्हण.”

प्रणालीनं पुडी बॅगेत टाकली. तिनं मनाशी ठरवलं होतं: चार आठवडे थांबायचं, मग द्यायची. चार आठवड्यांनी कोणाचं काही बिघडत नाही. दोन वर्षं चाललेल्या अबोल्याला आणखी महिना जड नव्हता.

चंपतरावांनी बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, “हा मध आहे.”

“हो, काकाजी.”

“आधीचा पाक होता. आंबिया बहराच्या वेळी, संत्र्याले फुलं आली की, आमच्या बगिच्यात मोहोळं लागत. मले पहिल्या दिवशीच समजलं.”

“मग बारा आठवडे घेतला काहून?”

“पान तिसरं,” चंपतराव म्हणाले. “तत्सम गोड द्रव. सही केली होती ना मी.”

प्रणालीनं खाली पाहत सांगून टाकलं की आता चार आठवडे फक्त हा मध घ्यायचा, दुसरं काही नाही. “बरं,” ते म्हणाले. त्यांनी खिशातून जुनं कार्ड काढलं, अभ्यास संपला तरी ते रोज भरतच होते. पेनाचं टोपण काढून त्यांनी फाटकाकडे पाहिलं. रुखमाबाई तिथं उभ्या राहून, कोणीही चालत नसताना, चालणारे लोक बघत होत्या.

“दर सोमवारी ती पुड्या वाटते,” चंपतराव म्हणाले. “अठ्ठावीस लोकाइले देते, एक सोताची ठेवते. एकोणतीस. मी मोजतो, इथं बसून दुसरं काय करू? आज तीस होत्या.” त्यांनी पेन तिच्या बॅगेकडे वळवलं. “तिसावी तुझ्या बॅगेत गेली.”

प्रणालीला फार लाज वाटली. इतकी, की जून, निबंध आणि भोयर सरांचा उजळलेला चेहरा एकामागोमाग डोळ्यांपुढून गेला तरी ती कमी होईना. तिनं पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. उघडली नाही. “नियमात बसते का हे?” त्यांनी विचारलं. “पान दुसरं. अन्य कोणतेही पूरक द्रव्य.”

तिनं नाही म्हटलं असतं तर त्यांनी पुडी परत दिली असती, याबद्दल तिला जराही शंका नव्हती. नवं संमतिपत्र बॅगेत होतं. अजून त्यावर सही झालेली नव्हती.

“ते संमतिपत्र बारा आठवड्यांचं होतं, काकाजी,” प्रणाली म्हणाली. “ते संपलं.” आणि तिनं बॅगेची चेन लावून टाकली.

चंपतरावांनी मान डोलावली. पुडी डाव्या मुठीत धरून त्यांनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं. तारीख लिहिली. वेळ लिहिली, सात पस्तीस. सही केली. मग शेवटच्या रकान्यात, ‘काही फरक जाणवला का?’च्या पुढे, त्यांनी ठसठशीत अक्षरात ‘हो’ लिहिलं. पुडीची गाठ अजून सोडलेली नव्हती.