खिडकीतला ट्रे

सुनेचं बाकी सगळं चालवून घेता येईल, पण तिचं ते "हो आई" ऐकलं की सासूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. उलट बोलणाऱ्या बाईशी दोन हात करता येतात. होला हो करणाऱ्या बाईशी भांडायचं कसं? सकाळीच त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या, "भिंत बरी हो! निदान ती मान तरी डोलवत नाही."

आणि आज तर त्यांना भांडायचंच होतं. मागच्या खोलीत, फळ्यांवर, दिव्यांच्या उजेडात टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या रोपांचे चाळीस ट्रे मांडले होते. पेरून पाच आठवडे उलटले तरी रोपं पहिल्या दोन पानांवरच अडून बसलेली. वीस वर्षं या खोलीतली रोपं सासूबाईंच्या हातची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा किल्ली सुनेला दिली आणि सुनेने त्यापायी कापडदुकानातली नोकरी सोडली. आज चार वाजता, दरवर्षी रोपं विकत घेणारा मळेवाला ती बघायला यायचा होता.

"त्याने नाक मुरडलं की किल्ली माझ्या कमरेला," सासूबाईंनी न्याहारीलाच सांगून टाकलं. "खोली तुझ्या नवऱ्याला देईन. खोकी ठेवायला त्याला कधीची हवी आहे. तू जा परत कापडं फाडायला."

"हो आई," सून म्हणाली. हातातला कप मात्र बशीवर जरा जोरात आदळला.

तीनच्या सुमारास सासूबाई एक ट्रे पोटाशी धरून लंगडत मागच्या खोलीत आल्या. त्याच दिवशी, त्याच पुडीतलं बी पेरून त्यांनी तो स्वतःच्या खिडकीत वाढवला होता. मुद्दाम, सुनेच्या नाकावर टिच्चून. एकेका रोपाला चार-चार, पाच-पाच पानं.

"बघ. याला हाताचा गुण म्हणतात."

सुनेने बघितलं. "माती एकाच पोत्यातली आहे, आई."

"मग दिवे उंच टांगले असशील."

सुनेने वीत लावून दाखवली. दिवे हवे तिथेच होते.

"गारठ्यात ठेवलीस."

सुनेने भिंतीवरचा तापमापक दाखवला. खोली सासूबाईंच्या खोलीपेक्षा उबदार होती.

"मग पाण्यात बुडवतेस! दुसरं काय?" सासूबाईंनी मातीत बोट खुपसलं. माती ओलसर होती, चिखल नव्हता. त्यांनी एक रोप उपटलं. मूळ पांढरं होतं, कुजलेलं नव्हतं, पण नखाएवढंच. घड्याळात सव्वातीन झाले होते आणि गुन्हा काही सापडत नव्हता.

मग त्यांना दिसलं, की पानांच्या कडा इस्त्री लागल्यासारख्या करपल्या आहेत. ट्रेच्या काठावर पांढरी खपली धरली आहे. आपल्या ट्रेला ती नव्हती. त्यांनी नखाने खरवडून खपली जिभेवर ठेवली.

खारट.

सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. कोपऱ्यात मिठाची गोणी उभी होती. नळाच्या जड पाण्याने किटलीत थर बसतो म्हणून पोराच्या डोक्यावर बसून त्यांनीच यंदा पाणी मऊ करायचं मशीन आणवलं होतं. त्या मशीनला महिन्याच्या महिन्याला मीठ लागायचं. ते पाणी त्यांना बुळबुळीत लागायचं, म्हणून स्वतःला प्यायला त्या अंगणातल्या नळाचं, मशीनमधून न आलेलं पाणी तांब्यात भरून ठेवायच्या. त्यांचं पिऊन झालं की उरलेलं खिडकीतल्या ट्रेला.

"पाणी कुठलं घालतेस?" आवाज जरा खाली आला होता.

"स्वयंपाकघरातलं. अंगणातून झारी आणली तर फरशीचा चिखल होतो, असं तुम्हीच म्हणालात."

"आणि तुझ्या डोक्यात काही आलं नाही?"

सुनेने फळीवरची वही काढून पुढे केली. पंधरा दिवसांपूर्वीच्या पानावर लिहिलं होतं: बाहेरचं पाणी देऊन बघावं का? खाली तीन शब्द: आई नको म्हणाल्या.

सासूबाईंना अक्षरं जुळवायला वेळ लागला. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मळेवाला अर्धा तास आधीच हजर.

तो खोलीभर फिरला. वाकून बघितलं, पानं चिमटीत धरली. "काय हो काकू, ही रोपं की दात कोरायच्या काड्या? यंदा हात कुणाचा लागला?"

सून दाराजवळ खिळ्याला लटकणाऱ्या खोलीच्या किल्लीकडे बघत होती.

"माझा," सासूबाई म्हणाल्या. "मशीनचं खारं पाणी मीच पाजायला लावलं. मुळं जिवंत आहेत. साध्या पाण्याने माती तीनदा धुऊन काढली की चालायला लागतील. मला दहा दिवस दे."

"अकराव्या दिवशी मी दुसरं दार बघेन."

"बघ की. तोवर नमुना म्हणून हा घेऊन जा," म्हणत त्यांनी खिडकीतला ट्रे त्याच्या हातात दिला.

तो गेला. सासूबाईंनी खिळ्यावरची किल्ली काढली, सुनेच्या तळहातावर आपटली आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटली.

"आई, फरशीवर चिखल होईल," सून म्हणाली.

"होऊ दे, मी पुसेन. आणि ऐक. चूक तुझीच आहे. माझं ऐकलंस ना, ती. पुन्हा ऐकलंस तर किल्ली खरंच काढून घेईन."